तिसऱ्या पायाचं चाक

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

मुलुंडच्या निलांबर सोसायटीच्या हॉलमध्ये पियानोच्या पोटाखाली उताणा पडलो होतो. तोंडात टॉर्च, हातात मोजपट्टी. तिथेच ठरवलं की या कामाची नोंद ठेवायची. खुर्चीचं चाक चुकलं तर दुसरं बसवता येतं. इथे चूक झाली तर ती साडेतीनशे किलोची होईल.

पियानोला तीन पाय आहेत, दोन पुढे आणि एक मागे शेपटीकडे. प्रत्येकाखाली एक पितळी चाक. तिन्ही चाकं गच्च अडकलीत, आणि एक तर झिजून चपटं झालंय. त्यामुळे पियानो हॉलच्या मधोमध बसून आहे आणि कार्यक्रम असला की लोक त्याला वळसा घालून खुर्च्या मांडतात. या इमारतीत पूर्वी एक डॉक्टर राहत. मुलांनी शिकावं म्हणून त्यांनी तो सोसायटीला दिला. आता ते हयात नाहीत.

सेक्रेटरी केयूरसर म्हणाले, "बॉस, पंधरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत तिन्ही चाकं पळाली पाहिजेत. जमेल ना?"

"जमेल," मी म्हटलं.

हॉस्पिटलच्या खाटा केल्यात, केटरिंगवाल्यांच्या ट्रॉल्या केल्यात, ऑफिसच्या खुर्च्यांचा तर हिशेबच नाही. पियानो कधीच केला नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. लवूकाकांचं चाकांचं दुकान सोडल्यापासून मिळालेलं हे पहिलं मोठं काम. नाही म्हटलं असतं तर आईला काय सांगणार होतो? जॅक घ्यायला तिने भिशीचे दोन हजार दिलेत. काम नऊ हजारांना ठरलं. आगाऊ तीन हजार मिळाले.

"पियानो" शब्द शब्दकोशात पाहिला. पि ऱ्हस्वच आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पियानो कुठे उचलायचा हा खरा प्रश्न आहे. तारांच्या खाली एक पातळ, मोठी फळी असते. तिच्यावर जॅक लावला तर ती फुटेल आणि आवाज कायमचा जाईल. तिच्या बाजूने जाड लाकडी तुळया आहेत. जॅक त्यांनाच लावायचा, तोही जॅकच्या डोक्यावर जुन्या सतरंजीची घडी ठेवून. एका वेळी एकच पाय, आणि बोटभरच उचलायचा. खाली लाकडी ठोकळे रचून ठेवायचे, म्हणजे जॅक घसरला तरी पियानो पडणार नाही.

एवढं लिहून झालं तेव्हा चार वाजले आणि पियानो शिकवणाऱ्या जानकीबाई परब आल्या. पहिल्या मजल्यावर राहतात. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, पदर खोचलेल्या.

"कोण रे तू? खाली काय करतोयस?"

"चाकं बसवणारा. प्रितम. केयूरसरांनी बोलावलंय."

"तो हलत नाही म्हणून त्याचं काही अडलेलं नाही. तुझं काय अडलंय?"

मी म्हटलं, "बाई, मी जपून करीन. एक ओरखडा पडणार नाही."

"ओरखड्याचं कोण बोलतंय?" त्यांनी स्टूल ओढलं. "शिकलायस किती?"

"अकरावी सोडली."

"हं," म्हणाल्या.

त्या "हं"चा अर्थ मला कळतो. लहानपणापासून ऐकत आलोय. ठीक आहे. यांना असं काम करून दाखवीन की यांचं "हं" बंद होईल.

शिकायला मुलं बरीच आली, बहुतेक मागच्या चाळीतली. वॉचमन प्रत्येकाचं नाव, पत्ता रजिस्टरमध्ये लिहून घेत होता. या आठवड्यापासून नवा नियम आहे म्हणे, बाहेरच्या मुलांसाठी. व्यवस्थितपणा मला आवडतो, पण सात वर्षांच्या मुलीचा फोन नंबर कशाला हवा ते कळलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

डावा पुढचा पाय. जुन्या चाकाचा दांडा पायाच्या भोकात इतका रुतला होता की रॉकेल सोडून दोन तास वाट पाहिली. निघाला तेव्हा कुजका दात निघावा तसा आवाज आला. पाय मात्र धड आहे, चीर नाही.

भोक झिजून लांबट झालंय. त्यात नवा दांडा थेट घातला तर डुगडुगेल. म्हणून सागवानी खुंटी तासली, गोंद लावून ठोकली. ती सुकल्यावर तिच्यातच नवं भोक पाडायचं. उजव्या आणि मागच्या पायाचंही तसंच केलं. सध्या पियानो तीन ठोकळ्यांवर उभा आहे.

घरी बाबा म्हणाले, "चाकं बसवून कुणाचं नाव झालंय का रे?" आई म्हणाली, "वॉर्डातली एक खाट ढकलून बघा, मग बोला." ती हॉस्पिटलात आया आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर

केयूरसर एका गृहस्थांना घेऊन आले. अर्धी चड्डी, डोक्यावर गॉगल. मनोरीला त्यांचा बंगला आहे. त्यांनी पियानोचे चारही बाजूंनी फोटो काढले आणि मला विचारलं, "खाऱ्या हवेत चाकं गंजतील का?"

मी सांगितलं की पितळ काळवंडतं, गंजत नाही, आणि रबरी चाकाचा लोखंडी आस मात्र दर पावसाळ्याआधी तेल मागतो. ते खूश झाले. एवढ्या आपुलकीने चाकाबद्दल विचारणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं.

केयूरसरांनी हॉलच्या दरवाजाची रुंदी मोजायला लावली. चाकांशी दरवाजाचा काय संबंध, कळलं नाही, पण मोजली. दोन्ही दारं उघडली तर पियानो जेमतेम जातो, हेही सांगितलं. न विचारता जास्तीची माहिती दिली की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

जानकीबाई जिन्यात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी घेतला नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

वाट लागली.

पुढच्या दोन्ही पायांना तीन इंची रबरी चाकं बसवली. झकास बसली. मागच्या पायाखाली तेवढ्याच उंचीचा ठोकळा दिला. मग लवूकाकांच्या दुकानातल्या पद्धतीप्रमाणे पेला पाण्याने काठोकाठ भरला आणि पियानोच्या झाकणावर ठेवला. पाणी कुठल्या बाजूला चढतं ते बघायचं, म्हणजे काम समपातळीत आहे की नाही ते कळतं. खाट असो, टेबल असो, आम्ही असंच करतो.

तेवढ्यात बाई आल्या.

त्या ओरडल्या नाहीत. सरळ आल्या, दोन्ही हातांनी पेला उचलला, आणि बाजूला न ठेवता तिथेच उभ्या राहून सगळं पाणी पिऊन टाकलं. रिकामा पेला माझ्या हातात दिला.

"आता ठेव," म्हणाल्या.

मी म्हटलं, "पातळी बघत होतो, बाई."

"पातळी बघायचीय? थांब." त्या स्टुलावर बसल्या. "खाली बघ. माझ्या पायाकडे."

पियानोखाली तीन पेडल असतात. टाच जमिनीवर टेकवून चवड्याने ते दाबायचे. माझ्या मोठ्या चाकांमुळे पेडल इंचभर वर गेले होते. बाईंची टाच हवेत होती. मुलांचं तर विचारायलाच नको.

लवूकाकांकडचा पहिला धडाच हा: चाक मोठं घ्यायचं, म्हणजे ओझं हलकं होतं. खाट, ट्रॉली, खुर्ची, सगळीकडे खरं ठरतं, कारण त्यांच्याखाली कुणी पायाने काम करत नाही. मी जुन्या चाकाची रुंदी मोजली, वजन विचारलं, दांड्याची जाडी दहा वेळा पाहिली. उंची पाहिली नाही.

"बदलतो," मी म्हटलं.

"कशाला बदलतोस? राहू दे असाच उंटासारखा. कुणालाच नको होईल."

टोमणा होता. मनात म्हटलं, बदलणारच, आणि तुम्हालाच टाच टेकवायला लावणार.

बुधवार, १२ नोव्हेंबर

घाटकोपरला लवूकाकांच्या दुकानात गेलो. दुकान सोडताना मी त्यांना म्हटलं होतं, आता माझं मी बघतो. दुकानासमोरून दोन चकरा मारून मगच आत शिरलो.

"इलंस?" काकांनी चष्मा वर केला. "काय मोडून इलंस?"

मी सगळं सांगितलं.

"मेल्या, पियानो म्हणजे काय फिरती खुर्ची आसा? तीन इंची चाक? माझी अक्कल काढतले लोक. म्हणतले, लवूचो पोरगो."

"मी आता तुमच्या दुकानात नाही, काका."

"ता तुका म्हायत, लोकांका खय म्हायत?" ते माळ्यावर चढले. बराच वेळ खडखडाट. धुळीने माखलेला खोका घेऊन उतरले. त्यात पितळी जोडचाकं होती, बुटकी, दोन चाकं शेजारीशेजारी, बाजूला छोटा ब्रेक. उंची जुन्या चाकांइतकीच, मी तीनदा मोजली. "कोण घेणार नाय म्हणान वर टाकलंलंय. तीन हजार सहाशे. फुकट मेळतली असा वाटला काय?"

"फुकट मागितली नाहीत. काम झालं की देतो."

"नाय दिलंस तर?"

"तर पुन्हा दुकानात येऊन झाडू मारीन. पण तशी वेळ येणार नाही."

काका हसले नाहीत. खोका मात्र स्वतःच दोरीने बांधून दिला, आणि आत ग्रीसचा डबा टाकला. तो मी मागितलेला नव्हता. विसरून पडला असेल. परत करायला हवा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पुढच्या दोन पायांची चाकं बदलली. जुनी भोकं पुन्हा खुंट्यांनी भरून नव्याने पाडली, मापाने. बाई आल्या, बसल्या, टाच टेकली. त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वाजवायला लागल्या. खूप वेळ वाजवलं. मुलं येऊन रांगेत उभी राहिली तरी थांबल्या नाहीत. डोळे पुसत होत्या.

माझं काम इतकं वाईट आहे का?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुपारी मनोरीच्या गृहस्थांचा फोन आला. नंबर केयूरसरांकडून घेतला म्हणाले.

"सोमवारी टेम्पोने मार्वेला, तिथून बोटीने पलीकडे. तू बरोबर ये. बंगल्यावर पोचला की चाकं नीट आहेत ना बघ. हजार रुपये देतो."

मी म्हटलं, "अरे वा! तुमच्याकडेही पियानो आहे?"

ते हसले. "सोमवारी येईल ना माझ्याकडे. तोच, ज्याच्याखाली तू झोपलेला असतोस."

फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसलो. दरवाजाची रुंदी मीच मोजून दिली होती. खाऱ्या हवेत काय करायचं तेही मीच सांगितलं होतं.

पहिल्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं.

"विकताय तुम्ही लोक पियानो?"

"मी नाही. कमिटी. लग्नसराई आली, हॉल हळदीला भाड्याने द्यायचाय. आणि चाळीतली पोरं आत नकोत, ते वेगळंच." त्यांनी मला नीट पाहिलं. "तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं तू त्यांचाच माणूस. चाकं लागली की ढकलून बाहेर. तो मनोरीवाला हलणारा असला तरच घेणार होता."

"मग पहिल्या दिवशी मला सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? नाव विचारायच्या आधी तू पियानोखाली शिरला होतास."

मी म्हटलं, "आत्ता काढतो चाकं. पैसे पूर्ण मिळाले नाहीत, चाकं माझी आहेत."

"काढ," बाई म्हणाल्या. चपला घालून माझ्या पुढे उतरल्यासुद्धा.

लिफ्टजवळ रविवारच्या सभेची नोटीस लावलेली आहे. मी ती पहिल्या दिवशीच वाचली होती, पण शुद्धलेखनासाठी (सभागृहातला "गृ" चुकलाय). आज अर्थासाठी वाचली. विषय चौथा (शुद्धलेखन मी सुधारलंय): "सभागृहातील पियानो जागेवरून हलवता येत नसल्याने व सभागृहाचा वापर करता येत नसल्याने त्याची विक्री करणेस मंजुरी देणे."

पुन्हा वाचली. हातातला पाना पिशवीत ठेवला.

"बाई, चाकं काढायची नाहीत. तिसरं बसवायचं."

"वेडा आहेस का रे?"

"हलत नाही म्हणून विकतायत ना? सगळ्यांसमोर हलवून दाखवू. मग कशासाठी विकतील?"

"आणि हलतोय म्हणून उचलून नेला तर?"

तेही खरं होतं. चाक बसवलं नाही तर नोटीस खरी ठरते, बसवलं तर टेम्पोची सोय होते. पण अर्धं काम सोडून, मान खाली घालून, पिशवी उचलून कांजूरला घरी जायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. मला वापरलं, तर माझ्या कामाचा वापर मीही करीन.

बाईंनी पियानोच्या कडेवर हात ठेवला. मग जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "टॉर्च इकडे दे. तोंडात धरून लाळ गाळतोस त्यावर."

शनिवार, १५ नोव्हेंबर

तिसऱ्या पायाचं चाक बसलं. दुपारी केयूरसर आले, बुटाने चाक ढकलून पाहिलं. "एक नंबर! उद्या सभा झाली की बाकीचे सहा घेऊन जा. पण उद्या इथे घुटमळू नको हां, मेंबर लोकांची मीटिंग आहे."

"काम पास झालेलं बघायला थांबेन मी," म्हटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

सभा दहाची, सुरू झाली पावणेअकराला. मी दारात स्टुलावर बसलो. केयूरसरांनी दोनदा डोळ्यांनी बाहेर जा म्हटलं. मी दोनदा बुटाच्या लेस बांधल्या.

पियानो मधोमधच होता, त्याच्याभोवती खुर्च्या. विषय चौथा आला. केयूरसर नोटीस वाचायला लागले, "जागेवरून हलवता येत नसल्याने..."

"एक मिनिट," जानकीबाई उठल्या. "माधुरी, तुझी खुर्ची सरकव गं जरा. आणि काका, तुमचे पाय."

"परबबाई, विषय वाचून होऊ दे ना!"

"वाच ना. मी कुठे तोंड धरलंय तुझं?"

त्यांनी वाकून तिन्ही ब्रेक सोडले. मग एका हाताने पियानो ढकलला. दुसऱ्या हाताने पदर धरला होता. पियानो निघाला. आवाज नाही, धक्का नाही. खिडकीच्या भिंतीला जाऊन समांतर उभा राहिला. हॉल मोकळा झाला. इतका मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं.

केयूरसरांच्या हातात कागद तसाच होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या माधुरीताई म्हणाल्या, "अय्या! एवढंच होतं? मग वीस वर्षं आम्ही गरब्याला त्याच्याभोवती काय प्रदक्षिणा घालत होतो?"

लोक हसले. केयूरसर म्हणाले, "हे बघा, चाकं त्याच्यासाठीच लावली, पण विक्रीचं आता ठरलंय."

"कुठे ठरलंय? मंजुरी तर आत्ता मागतोयस."

"टोकन घेतलंय आपण."

"आपण म्हणजे कोण?" एक आजोबा मागून म्हणाले. "मी तर घेतलं नाही." मग जो गोंधळ झाला तो लिहिणं शक्य नाही. एकाने मुलांचा विषय काढला, बाहेरची पोरं येतात, चपला चोरीला जातील. जानकीबाई म्हणाल्या, "आजवर एक चप्पल गेलीय, ती माझी. आणि ती तुमचा कुत्रा घेऊन गेला."

मतदान झालं. हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही. पियानो राहणार, टोकन परत जाणार. मुलांचं मात्र पुढच्या वार्षिक सभेत ठरेल. तोपर्यंत रजिस्टर चालू.

हॉलबाहेर केयूरसर माझ्याजवळ आले. "हुशार निघालास. आता बिल कमिटीला दे. बघू."

"बघू नका, सर. द्या. काम तुम्ही सांगितलं, मी केलं. पळतायत की नाही चाकं?"

"जास्त बोलू नको."

"जेवढं ठरलं तेवढंच बोलतोय. सहा हजार."

पिशवी उचलली आणि निघालो.

जाताना बाई म्हणाल्या, "मंगळवारी चारला ये." चाकांना तेल घालायचं असणार.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काकांचा ग्रीसचा डबा परत करायला घाटकोपरला थांबलो. त्यांनी घेतला नाही, उलट शिव्या घातल्या. डबा आणि तेल घेऊन चारला मुलुंडला पोचलो. मुलं अजून आली नव्हती. बाईंनी स्वतःच्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल ठेवलं होतं.

"बस," म्हणाल्या.

मी बसून पाहिलं. स्टुलाचा एक पाय हलत होता, तो घट्ट करून दिला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसल्या. म्हणाल्या, "बरं. आता हात धुऊन ये आणि परत बस." आणखी कुठलंतरी काम दाखवायचं असेल, पण तेवढ्यात मुलं आली. म्हणाल्या, उद्या ये.

त्यांनी सहा हजार देऊ केले. घेतले नाहीत. ते पैसे त्यांनी द्यायचे नाहीत. चाकं काढून नेईन अशी धमकी केयूरसरांना देता आली असती. तीही देणार नाही, कारण त्रास बाईंच्या टाचेला होईल.

आजपर्यंतचा हिशेब.

खर्च: रबरी चाकं (निरुपयोगी, दुकानदार परत घेत नाही) १,३५०. पितळी जोडचाकं ३,६००. जॅक १,९००. सागवान आणि गोंद ४२०. येणं-जाणं २६०. एकूण ७,५३०.

देणे: लवूकाका ३,६००. आई २,०००.

हातात: १,०७०.

येणे: निलांबर सोसायटी ६,०००. केयूरसरांना सकाळी दहाला फोन केला, उचलला नाही. सव्वादहाला केला, कट केला. साडेदहाला उचलला आणि "मीटिंगमध्ये आहे" म्हणाले. कुठल्या मीटिंगमध्ये ते विचारलं, तिथे येतो म्हटलं. उद्या साडेनऊपासून सुरू करणार.